बरं झाल्याची हजेरी

सन्माननीय अध्यक्षमहाशय, म्हणजेच आमच्या कागद कारखान्याच्या बँडचे मास्तर. आरोग्य खात्याकडून आलेले पाहुणे. मोठ्या रुग्णालयातून वेळ काढून आलेले हृदयाचे डॉक्टर. उद्यापासून आपल्या दवाखान्यात बसणारे नवे डॉक्टर. आपल्या सगळ्यांच्या सिस्टर. समोर बसलेले खोकणारे, शिंकणारे आणि सध्यापुरते बरे असलेले माझे सर्व शेजारी. आणि ज्यांच्यासाठी आज हा हॉल खच्चून भरला आहे त्या आपल्या डॉक्टरबाई, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी केली. जन्मभर बोलत आले, पण समोर तोंडं दिसत नसायची. आज एवढी तोंडं एकदम दिसताहेत, त्यामुळे माईक दोन्ही हातांनी धरला आहे. अध्यक्षांनी मला थोडक्यात आटपायला सांगितलंय. स्वतः ते बँडची तालीम कधी थोडक्यात आटपत नाहीत, पण ते असो.

आपल्याला माहीतच आहे, हा निरोप समारंभ मागेच व्हायचा होता. हॉल ठरला, खुर्च्या आल्या आणि सत्कारमूर्तींनाच न्यूमोनिया झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीला नळी लावणाऱ्या बाईंच्या छातीला कुणीतरी नळी लावली. आता त्या बऱ्या आहेत. खोकला गेला, ताप गेला, असं त्या स्वतःच सांगताहेत. फार आनंदाची गोष्ट आहे. पण मला एकच विचारायचं आहे, आणि ते विचारल्याशिवाय मी आज माईक सोडणार नाही. बाईंची हजेरी कुणी घेतली?

पाहा, सगळे हसले. व्यासपीठावरचे पाहुणे तेवढे हसले नाहीत, कारण त्यांना हा प्रकार ठाऊक नाही. त्यांच्यासाठी सांगते.

जगात सगळीकडे माणूस आजारी पडला की दवाखान्यात जातो. आमच्या बाईंकडे बरं झाल्यावरही जावं लागतं. सर्दी-पडशाला नाही, पण छातीचा संसर्ग झाला, न्यूमोनिया झाला, फ्लूने अंथरूण धरलं, आणि माणूस पन्नाशीपुढचा असला किंवा त्याला रक्तदाब, साखर, असलं काही असलं, तर औषध देतानाच बाई बजावतात, "खोकला गेला की या." तो गेला नाही तर या, असं नाही हं. गेला की या! आणि आलं नाही तर सिस्टरचा फोन येतोच. तिथे मग बाई खोकल्याची चौकशीच करत नाहीत. जिना चढताना काय होतं? झोपताना उशा किती लागतात? पायांना सूज? चपला घट्ट होतात का? रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? मनगट हातात घेतात, रक्तदाब पाहतात, शंका आली तर ईसीजी काढतात. आणि मगच म्हणतात, "जा आता, तुम्हाला रजा." तोवर माणूस बाईंच्या ताब्यात. याला आमच्या गल्लीत बरं झाल्याची हजेरी म्हणतात.

सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. धडधाकट माणसाला बोलावून या बाई करतात काय? बाकावर बसलेले आजारी लोक हजेरीवाल्यांकडे रागानेच बघायचे. आमच्या घरातही एक गृहस्थ असे होते, ज्यांनी या हजेरीची यथेच्छ थट्टा केली. ते समोरच, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मान खाली घालू नका हो, सगळ्यांना माहीत आहे.

आमचे हे बँडमध्ये ट्यूबा वाजवतात. ट्यूबा म्हणजे सगळ्यात मोठा पितळी बाजा, वाजवणारा त्याच्यामागे दिसेनासाच होतो. आवाजही तसाच. म्हणून बँडमध्ये यांना भोंगा म्हणतात, आणि वाजवत नसतानाही म्हणतात, का ते ज्यांनी यांच्याशी कधी वाद घातलाय त्यांना कळेल.

मागल्या थंडीत या भोंग्याला न्यूमोनिया झाला. बाईंनी औषधं दिली, चांगली कडक. ताप उतरला, खोकला ओसरला, माणूस उठून बसला आणि स्वयंपाकघरात येऊन मला कांदा कसा चिरावा हे सांगू लागला. म्हटलं, झाला बरा!

तेव्हा कारखान्याच्या वर्धापनदिनाची मिरवणूक जवळ आली होती. फाटकापासून निघायचं, बाजारातून जायचं आणि वाजवत वाजवत टेकडी चढून पाण्याच्या टाकीपाशी थांबायचं. पाहुण्यांना सांगते, तो चढ रिकाम्या हातांनी चढतानाही देव आठवतो. पण ट्यूबा नसेल तर बँडला पायाच नाही, असं यांचं मत. खरं म्हणजे, यांच्याशिवाय बँडला पाया नाही, असं यांचं मत.

आता बँडची एक जुनी रीत आहे. आजारातून उठलेल्या वादकाला मास्तर याच हॉलमध्ये खुर्चीवर बसवतात. त्याने एक खालचा सूर धरायचा. मास्तर हात पाठीशी बांधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणार आणि परत येणार. तोवर सूर तुटला नाही तर माणूस मिरवणुकीत चालायला मोकळा. आणि आमचे अध्यक्ष चालतात कसे ते आपण पाहिलंच आहे. मघाशी दारातून व्यासपीठावर पोचेपर्यंत निवेदकाला त्यांची ओळख दोनदा करून द्यावी लागली.

यांनी सूर धरला. मास्तर गेले, आले. सूर जसाच्या तसा! हॉलमध्ये टाळ्या पडल्या, पाठीवर थापा पडल्या. हे घरी आले ते छाती फुगवूनच. म्हणाले, "पाहिलंस? फुप्फुसं नवी कोरी आहेत."

मी म्हटलं, "मग जिन्यात थांबता कशाला?"

"अगं, अशक्तपणा आहे. अंथरुणातून उठलोय ना मी?"

"आणि जबडा का चोळता?"

"बाजा वाजवणाऱ्याचा जबडा दुखणारच. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे मात्र खरं होतं. बाजावाल्यांचे ओठ आणि जबडे दुखतातच, बँडच्या सगळ्या बायकांना त्याची सवय आहे. गरम पाण्याचा शेक द्यायचा आणि गप्प बसायचं. मीही शेक दिला.

इकडे सिस्टरचे फोन सुरू झाले. खोकला गेला ना, मग हजेरीला या. यांचं एकच पालुपद, "मिरवणूक झाल्यावर." मी समजावलं, चिडले, अबोला धरला. अबोला धरल्यावर तर यांना जास्तच बरं वाटायला लागलं. शेवटी हात टेकले आणि बाईंना जाऊन सांगितलं, की यांना वाटतंय ते अगदी ठणठणीत आहेत, ते काही येत नाहीत.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांगा, ठणठणीत असतील तर बाजा घेऊन या. मला ऐकायचाय."

आमच्या भोंग्याची नाडी कुठे आहे हे बाईंनी मनगट न धरताच ओळखलं होतं! दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. दवाखान्यात गेलो. हे खुर्चीवर बसले, ट्यूबा मांडीवर घेतला आणि तो सूर लावला. औषधांच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. बाहेर बाकावर एक आजोबा डुलकी घेत होते, ते "कारखाना सुटला का?" म्हणत उठून उभे राहिले. बाईंनी सगळा सूर शेवटपर्यंत ऐकून घेतला. नळी लावून छाती तपासली, पुढून, पाठीमागून. म्हणाल्या, "सुरेख. फुप्फुसं अगदी मोकळी आहेत."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मग बाईंनी सहज विचारलं, "हा बाजा घरापासून इथवर कुणी उचलून आणला?"

यांनी रुमाल काढून ट्यूबा पुसायला घेतला. मी म्हटलं, "मी आणला."

"नेहमी तुम्हीच आणता?"

"छे हो, हात लावू देत नाहीत. पण आजारातून उठल्यापासून तालमीलासुद्धा मीच वर हॉलमध्ये आणून देते. यांना वाटेत थांबावं लागतं ना."

बाई यांच्याकडे वळल्या. "का थांबता?"

"अशक्तपणा."

"आणि जबडा? मघापासून हात तिथेच जातोय."

"तो वाजवल्याने दुखतो."

"वाजवताना दुखतो, की चालताना?"

मंडळी, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा भोंगा हळू आवाजातही बोलू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणाले, "चालताना. थांबलं की थांबतो."

बाईंचा आवाज बदलला नाही. पण सिस्टरकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि सिस्टर ईसीजीचं मशीन घेऊन आल्याही. यांना झोपवलं, तारा लावल्या. मी कोपऱ्यात ट्यूबा धरून उभी. बाईंनी विचारलं, "रक्तदाबाची गोळी?" तर हे म्हणतात, "न्यूमोनियाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती बंद केली. एका पोटात किती गोळ्या घालायच्या?" हे मलाही नवीनच होतं. रोज माझ्यासमोर पाण्याचा पेला रिकामा व्हायचा, गोळी मात्र डबीतच राहायची.

कागदावरच्या त्या रेघांतलं मला काही कळत नव्हतं, पण बाईंचा चेहरा कळत होता. बाईंनी एक गोळी चावून खायला दिली, रुग्णवाहिका बोलावली आणि यांना म्हणाल्या, "आता तुम्ही एक पाऊलही चालायचं नाही." हे म्हणाले, "अहो, पण मिरवणूक..." बाई म्हणाल्या, "मिरवणूक बाजा नसला तरी निघेल. तुम्ही नसलात तर यांनी काय करायचं?" आणि बोट माझ्याकडे केलं. मी ट्यूबा छातीशी धरून रडत होते.

मोठ्या रुग्णालयात या व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरसाहेबांनीच यांची तपासणी केली. हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्यांनी त्यात स्टेंट घातला. नंतर मला बाहेर बोलावून म्हणाले, "हे वाजवत टेकडी चढले असते तर माझ्यापर्यंत पोचले नसते." साहेब, ते वाक्य तुम्ही सहज बोलून गेलात. तुम्हाला आठवतही नसेल. मी मात्र त्यानंतर त्या टेकडीकडे पाहू शकले नाही, अजूनही बाजारातून जाते ते मान खाली घालूनच.

हे घरी आल्यावर बाई आम्हाला भेटायला आल्या. मी विचारलं, "बाई, आजार छातीत कफाचा. मग मध्येच हृदय कुठून आलं?" त्या आमच्या स्वयंपाकघरातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "दूध उतू गेलं, तुम्ही गॅस बंद केलात. शेगडीला लगेच हात लावाल का?" मग नीट समजावलं. छातीत जंतू शिरले की सगळं शरीर त्यांच्याशी लढतं. त्या लढाईत रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, रक्त गोठायची घाई करू लागतं, हृदयाला जास्त काम पडतं. वाहिनीच्या भिंतीवर आधीच चरबीचा थर बसलेला असला, तर तो अशाच वेळी फुटण्याचा धोका असतो. जंतू मरतात, ताप जातो, पण ही धग लगेच विझत नाही. पहिले काही आठवडे जपायचे, कधी कधी काही महिनेसुद्धा. माणसाला वाटतं, आजार गेला. दम लागला तर म्हणतो अशक्तपणा, छाती आवळली तर म्हणतो कफ राहिला असेल, आणि हृदयाचं दुखणं जबड्यात उतरलं तर म्हणतो बाजा वाजवला.

त्या हेही म्हणाल्या, की प्रत्येक खोकल्यामागे हृदय शोधत बसू नका, उगाच पाचावर धारण नको. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला व्हायचं असतं, तो नेमका बरं वाटल्यामुळे डॉक्टरकडे येत नाही. म्हणून मी बोलावते, असं बाईंचं म्हणणं.

कधी कधी उलटंही होतं. आमच्या बेकरीवाल्या मावशी खोकल्याची बाटलीमागून बाटली पीत होत्या. आडवं झालं की खोकला, बसलं की बरं, पाय सुजून खांब झालेले. बाईंनी पायांवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, हा खोकला छातीचा नाही, हृदय थकलंय. मावशी औषधं घेऊन आज इथे बसल्या आहेत आणि समारंभाची बिस्किटं त्यांच्याकडूनच आली आहेत. आणि दर थंडीपूर्वी फ्लूच्या लसीसाठी बाई घरोघर निरोप धाडतात ना, त्यामागेही हेच असतं. लस छातीला सांभाळते आणि हृदयालाही मदत करते.

एकदा मी विचारलं, "बाई, ही हजेरीची सवय तुम्हाला कुठून लागली?" म्हणाल्या, "काही वाचलं, काही पाहिलं." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

अध्यक्षमहाशय, आपला चेहरा थोडा पडलेला दिसतो. पडू देऊ नका. बाईच म्हणाल्या होत्या, की मास्तरांची परीक्षा चुकीची नव्हती. फुप्फुसं चांगली आहेत हे त्या सुरानेच दाखवलं, म्हणून दम दुसरीकडून लागतोय हे पटकन कळलं. तेव्हा आपलेही आभार. फक्त यापुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत वादकालाच चालवा, आपण खुर्चीवर बसा.

आमच्या ह्यांनी यंदा पुन्हा वाजवलं. चालत नव्हे, टाकीपाशी आधीच नेऊन ठेवलेल्या खुर्चीवर बसून वाजवलं, पण वाजवलं. सकाळी न चुकता गोळी घेतात, माझ्यासमोर, तोंड उघडून दाखवतात. बाई, यासाठी तुमचे आभार मानायला मला शब्द शोधावे लागत नाहीत. सकाळी शेजारच्या उशीवर घोरण्याचा आवाज येतो. पूर्वी मला त्याचा फार त्रास व्हायचा. आता मी तो पडून ऐकत राहते. एवढं तुम्ही मला दिलंय.

आता माझ्या प्रश्नाकडे येते.

आज इथे येताना जिन्यात मी बाईंच्या मागेच होते. वळणावर बाई थांबल्या. भिंतीवर बँडचा जुना फोटो आहे, तो बघत राहिल्या. तो फोटो गेली कित्येक वर्षं तिथेच आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. मी विचारलं, "बाई, दम लागला का?" तर हसून म्हणाल्या, "अहो, अशक्तपणा आहे. आणि निरोपाची दगदग."

मी तिथल्या तिथे नव्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी बाईंना विचारलंही. बिचारे, कालच इथे आलेले, त्यांची काय बिशाद! बाई म्हणाल्या, "कार्यक्रम झाल्यावर बघू." तेव्हाच मी ठरवलं, की लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहू दे.

बाई, आत्ताही तुम्ही हाताने खूण करताय, कार्यक्रम झाल्यावर म्हणून. बाई, आमचे हेही "मिरवणूक झाल्यावर" म्हणाले होते. तुम्ही ऐकून घेतलं नव्हतंत. मग आम्ही तुमचं का ऐकून घ्यावं? तुमचं वय पन्नाशीपुढचं आहे, न्यूमोनिया होऊन गेलाय, खोकला गेलाय आणि जिन्यात दम लागतोय. तुमच्यासमोर अशी पेशंट आली असती तर हारतुऱ्यांसाठी थांबला असतात का? तुम्ही आम्हाला सगळ्यांना इतकी वर्षं सांभाळलंत. आज एकदा आम्हाला सांभाळू द्या.

सिस्टर, खालच्या दवाखान्यातलं ईसीजीचं मशीन वर आणता का? बाईंना जिना उतरवू नका. मागे बाजे ठेवायची खोली आहे, तिथे बाकडं आहे. अहो, उठा जरा, ढोल बाजूला करा, पण उचलू नका, सरकवा. नवे डॉक्टर, तुम्ही व्हा पुढे. हृदयाचे डॉक्टरसाहेबही उठले, फार उपकार झाले.

बाई उठल्या. टाळ्या नकोत, मंडळी, फक्त वाट द्या. बाई, सावकाश. खांद्यावर हात ठेवा सिस्टरच्या, ठेवा, लाजू नका.

गेल्या आत. दार लावून घ्या.

आता मी कुणाशी बोलत होते तेच समोर नाही, तेव्हा आटपते. संयोजकांचे आभार, हॉल देणाऱ्या कारखान्याचे आभार, बेकरीवाल्या मावशींचे आभार, आणि आपण सर्वांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, समारंभाची रीत मोडली असेल, सत्काराआधीच सत्कारमूर्तींना खुर्चीवरून उठवलं, याबद्दल आपण मला जरूर बोल लावा. मी ऐकून घेईन, क्षमाही मागेन. फक्त थोडं थांबा. बाई त्या दारातून बाहेर आल्या, की त्यांच्यासमोर लावा.

नमस्कार.